आमच्याकडची टुमकी

कापसाच्या जिनिंगातून सरकीचं पोतं ट्रकवर चढवायचं तर जमिनीपासून ट्रकपर्यंत एक लांब फळी टेकवलेली असते. पाठीवर पोतं घेऊन माणूस त्या फळीवर चढला की फळी दबते आणि परत उसळते. नवखा हमाल तिथंच झोकांडी खातो. धरणगावचा झुलाल मात्र फळी उसळायच्या बेताला पाय उचलायचा, गुडघा जरा सैल सोडायचा आणि तालात वर जायचा. त्याची पोर लता तेव्हा एवढीशी होती. बाप ठुमकत चालतो असं तिला म्हणायचं असायचं, पण ठ म्हणायला जीभ काही केल्या वळेना. "आबा, टुमकी! टुमकी!" म्हणत ती टाळ्या पिटायची. झालं, घरात तोच शब्द पडला. पुढं झुलालही म्हणायला लागला, "टुमकी लागनी का पोतं हलकं व्हस."

पोर मोठी झाली, कबड्डी खेळू लागली. आता हमालाच्या पोरीनं चड्डी घालून मैदानात उतरायचं म्हणजे गल्लीत काय कमी तोंडं हलली? झुलालनं तिला घरी बसवलीच होती. तेव्हा शाळेतले खेळाचे शिक्षक, चुडामण सर, सायकल मारत घरी आले. खाटेवर बसून म्हणाले, "झुलालभाऊ, पोरले खेयू दे. तिनी जबाबदारी मन्ही." त्या एका शब्दावर झुलालनं मान डोलावली. तेव्हापासून त्या घरात सर म्हणजे देव. दिवाळीचा फराळ आधी सरांच्या घरी जायचा, मग घरच्यांच्या ताटात पडायचा.

सर पुढं पीएच.डी. झाले, जळगावला गेले, समित्याबिमित्यांवर बसू लागले. लता धुळ्याच्या एका कॉलेजात खेळ शिकवायला लागली. बाकीचे प्राध्यापक पाठीमागं तिला शिट्टीवाली बाई म्हणत. म्हणेनात का! तिच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. माणूस ओझं घेऊन चालतो तेव्हा त्याचा पाय, गुडघा, कंबर एकमेकांशी कसे जुळतात, याचं आता शास्त्र झालंय, हे तिनं वाचलं होतं. तिला त्यातच पीएच.डी. करायची होती, आणि तीही आपल्या बापाच्या चालीवर. बापाचे गुडघे झिजून गेले होते, पोत्याला हात लावणं त्यानं कधीच सोडलं होतं. निदान त्याची चाल तरी कुठं लिहिलेली राहावी, एवढीच तिची इच्छा.

ब्याण्णव साली जळगावच्या विद्यापीठात पीएच.डी.चे अर्ज निघाले. त्या वर्षी जागा एकच होती. लतानं रात्रंदिवस खपून आराखडा लिहिला आणि पहिल्यांदा कुणाला दाखवला? सरांनाच. त्यात तिनं साध्या मनानं लिहिलं होतं, 'आमच्याकडे या चालीला टुमकी म्हणतात.' सरांनी तो ठेवून घेतला. आठवड्यानं भेटल्यावर म्हणाले, "लते, लिहिलंस झकास, पण समितीला हे हमालबिमाल पचायचं नाही. तू कबड्डीपटूंच्या दमावर दुसरा आराखडा दे. जागा तुझीच आहे, डोळे मिटून दे."

तिला वाईट वाटलं. बापाची चाल हातातून सुटल्यासारखं झालं. पण सर सांगतात म्हणजे त्यात काहीतरी असेल, असं तिनं मनाला समजावलं आणि खरंच डोळे मिटून दिला.

मुलाखतीच्या दिवशी जळगावला सगळ्या उमेदवारांना एकाच हॉलमध्ये बसवलं होतं. एकेकानं उठायचं, समितीपुढं आराखडा वाचायचा. समितीत सर होते. लताला हायसं वाटलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून अभिमन उठला. हा सरांचा जावई! त्यानंही अर्ज केलाय हे सरांनी तिला कधी सांगितलंच नव्हतं. बरं, सासरा समितीत आणि जावई उमेदवार, यात तिथं बसलेल्या एकालाही वावगं वाटलं नाही.

अभिमननं घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. फळी, सरकीचं पोतं, गुडघ्याचा सैलपणा. लताची कानशिलं तापली. पण विषय एखाद्याला सुचूही शकतो, अशी ती स्वतःचीच समजूत काढत होती बिचारी! आणि मग त्यानं खड्या आवाजात वाचलं, "खान्देशातील हमालवर्गात या चालीला टुमकी असे म्हणतात."

अहो, 'आमच्याकडे' म्हणजे आमच्या घरी! चोरणाऱ्यांना ते 'आमच्या भागात' वाटलं. चोरी करताना निदान विचारायचं तरी!

लता उभी राहिली. "खान्देशात असं कोणी म्हणत नाही. टुमकी फक्त आमच्या घरात म्हणतात. मला लहानपणी ठ म्हणता येत नव्हता, म्हणून."

हॉलमध्ये कोणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्ष सरांकडे वळले. "चुडामण सर, तुम्ही त्याच भागातले. काय म्हणतात तिकडे?"

लतानं सरांकडे पाहिलं. आता सर सांगतील, असं तिला त्या क्षणीसुद्धा वाटलं. सरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत चढवला.

"टुमकीच म्हणतात," ते म्हणाले. "मी लहानपणापासून ऐकत आलोय."

"सर, मी तुमच्या हातात लिहून दिलं होतं!"

"लताबाई," सर म्हणाले, "तुमचा विषय कबड्डीचा आहे. तुमच्या सहीचा अर्ज समोरच आहे. आपण बसून घ्या."

लताबाई! तुम्ही! आपण! फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून ज्या माणसाच्या तोंडी ती लते होती, त्यानं चारचौघांत तिला परकी करून टाकली. चोरीपेक्षा तिला तेच जास्त लागलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते काय असतं, हे तिला त्या दिवशी कळलं. तिचं नाव पुकारलं तेव्हा तिनं कबड्डीचं एक पान वाचलं, दुसरं वाचवेना, आणि ती बाहेर पडली. संध्याकाळच्या आत अभिमनचं नाव फळ्यावर लागलं.

धुळ्याला जायचं सोडून ती धरणगावच्या एस.टी.त बसली. वाटेत तिनं मनातल्या मनात सरांना नको नको ते बोलून घेतलं. आबाला सगळं सांगायचं, सरांचं नाव या घरातून कायमचं पुसून टाकायचं, असं ठरवूनच ती उतरली.

घरात आली तर झुलाल खाटेवर पडलेला. दोन्ही गुडघ्यांवर हळदीचा लेप, आणि गुडघे सुजून टम्म झालेले.

"आबा, हाई काय व्हयनं?"

"काही नही वं," झुलाल उठून बसत म्हणाला. चेहरा मात्र फुललेला. "परवा तुना सरना जवाई उना व्हता, कॅमेरा लिसन. लतानंच काम शे म्हने, जरा फळीवर चालीसन दखाडा. मंग काय, भरेल पोतं लिधं पाठवर. तीन-चार दाव चढनू. त्यासनी फोटू काढात. टुमकी बी समजाडी दिधी. तू लहानपने कशी म्हने, ते मातर नही सांगं, तुले लाज वाटी म्हनीसन."

लता खाली बसली. एस.टी.त जुळवलेलं सगळं बोलणं बाजूलाच राहिलं. मघाशी तिचा संताप तिच्यापुरता होता. अभिमन आपल्या घरी आला, त्यानं आपलं नाव घेतलं आणि आपल्या बापाच्या पाठीवर पोतं दिलं! तिला हुंदका आवरेना.

"का वं? व्हयनं ना तुनं काम?"

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. पण या माणसाशी अजून कोणी खोटं बोलावं? तिनं त्याच्या सुजलेल्या गुडघ्यावर अलगद हात ठेवला.

"आबा, ते मन्हं काम नही व्हतं. सरना जवाईनं व्हतं. जागा बी त्यालेच भेटनी."

झुलालला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. त्यानं खाटेवर टेकलेला हात उचलला, परत ठेवला. मग त्यानं आपल्या पायांकडे पाहिलं.

"मंग मी कोनाकरता चालनू वं, माय?"