अक्काचं रक्त

आई ब्लड कॅन्सरनं गेली तेव्हा मी दहावीत होते. मामा तिच्या आधीच त्याच आजारानं गेले होते. परतूरला आमच्या गल्लीतले लोक म्हणायचे, त्या घराला कुणाची तरी नजर लागलीय. मला मात्र आईच्या मनगटावरचे निळे डाग आठवायचे. बांगड्या भरताना नुसता दाब पडला तरी तिचा हात काळानिळा व्हायचा, आणि ते आजारपणाच्या कितीतरी वर्षं आधीपासून.

पुढे मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि नव्या जालन्यात एका डॉक्टरांच्या लॅबमध्ये नोकरीला लागले. तिथं मला एक वाईट सवय लागली. दर सोमवारी सकाळी, पेशंट यायच्या आत, मी स्वतःच्या बोटाला सुई टोचायचे, थेंब काचपट्टीवर पसरायचे, रंग द्यायचे आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचे. सगळं ठीक असायचं. मंगळवारपर्यंत बरं वाटे. बुधवारी वाटायचं, आपण नीट मोजलंच नसेल.

अक्का, माझी थोरली बहीण, शहागडला शाळेत शिकवायची. दाजींचं तिथं हायवेला टायरचं दुकान. अक्काचा लहानपणापासून नाकाचा घोळणा फुटायचा, बाकाचा कोपरा लागला तरी मांडीवर डाग उमटायचा. "आईवर गेलेय मी," ती हसून म्हणायची. मला ते हसणं सोसायचं नाही.

एका दिवाळीला मी फराळाच्या पिशवीत काचपट्ट्या आणि सुया घालून शहागडला गेले. अक्काच्या सात वर्षांच्या मुलीच्या पोटरीवर मला दोन डाग दिसले. अक्का स्वयंपाकात होती. मी पोरीला अंगणात नेलं आणि म्हणाले, "बोट दे, जादू दाखवते." तिनं विश्वासानं बोट पुढं केलं. सुई टोचताच ती किंचाळली. अक्का पिठाच्या हातानं धावत आली.

"काय करायलीस तू?"

"नुसतं बघते. एकदा बघू दे ना, अक्का."

तिनं काचपट्टी हिसकावली आणि फरशीवर आपटली. "तुला माणसं दिसतच न्हाईत का गं? माझ्याकडं बघतीस तवा माझे डागच बघतीस. आता माझ्या लेकराचंबी रक्त मोजायलीस?"

दाजी मला स्टँडवर सोडायला आले. बस लागल्यावर म्हणाले, "तुमची काळजी खरी हाय. पण लेकराला फसवायचं न्हाई." मला ते पटलं. लाजही वाटली. तरी जालना येईपर्यंत डोक्यात एकच चाललं होतं, त्या पोरीच्या प्लेटलेट्स किती असतील?

वर्षभर अक्का बोलली नाही. मी सोमवारच्या जोडीला गुरुवारीही टोचू लागले. एक दिवस डॉक्टरांचं माझ्या बोटांकडं लक्ष गेलं. ते रागावले नाहीत, मी आईपासून अक्कापर्यंत सगळं सांगितलं ते ऐकून घेतलं. "बहिणीला यायचं असेल तेव्हा ती येईल," एवढंच म्हणाले आणि सुयांचा डबा स्वतःच्या टेबलावर नेऊन ठेवला.

अक्का लॅबमध्ये आली ती भर उन्हाळ्यात, न कळवता. दाढ काढल्यावर तिचं रक्त दोन दिवस थांबलं नव्हतं. बाकावर बसून तिनं बाही वर सारली.

"घे. पण आधी सांग, भेव वाटतंय का तुला?"

"हो."

"मलाबी. घे मंग."

पेशी चांगल्या होत्या, प्लेटलेट्स मात्र बऱ्याच कमी. डॉक्टरांनी मुंबईच्या कॅन्सर रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर आई, मामा, आम्ही असे सगळे मांडले आणि दोघींचं रक्त तपासायला घेतलं. त्या म्हणाल्या, "आईकडून मुलांत एक बिघडलेलं जनुक येऊ शकतं. त्यानं प्लेटलेट्स कमी राहतात, डाग पडतात. तेवढ्यानं कॅन्सर होत नाही. पण अशा रक्ताच्या पेशींत पुढं आणखी बिघाड झाले तर होऊ शकतो. काहींना जन्मभर होत नाही. आपण लक्ष ठेवायचं."

काही महिन्यांनी निकाल आला. अक्कात तो दोष होता, माझ्यात नव्हता. मी तिथंच रडू लागले. अक्कानं डोळे कोरडे ठेवून लेकीचं विचारलं. बाई म्हणाल्या, तिचं रक्त अधूनमधून मोजत राहा, जनुकाची तपासणी ती मोठी झाल्यावर तिला विचारून करता येईल. पुढं कधी अक्काला गरज पडली, तर माझा बोन मॅरो देता येईल का, तेही पाहिलं. जुळत होता.

"म्हणजे तू माझी स्टेपनी," परतीच्या गाडीत अक्का म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी आम्ही दोघी हसलो.

आता ती दर सहा महिन्यांनी लॅबला येते. तिची स्लाइड माझी सहकारी बघते. मला अक्कानंच मनाई केलीय. तेवढा वेळ मला आत बसवत नाही. मी रस्त्यावर बँकेपर्यंत जाते, परत येते, पुन्हा जाते. अजून तरी सगळं ठीक आहे.

मागच्या खेपेला भाचीही आली होती. कॉलेजात जाते आता. माझ्याबरोबर रस्त्यावर चालता चालता तिनं विचारलं, "मावशी, करू का मी ती टेस्ट?"

"मला विचारू नको," मी म्हणाले. "तुझ्या जागी मी असते तर कालच केली असती."

"म्हणूनच आईनं सांगितलं, तुला विचारू नको म्हणून," ती म्हणाली, आणि माझा हात धरून चालत राहिली.