तळ्याकाठच्या आजीला लावलेलं कुंकू

मैत्रिणींनो, आज संक्रांत. लेकीसोबत आल्प्स डोंगरातल्या तळ्याकाठच्या गावी आलेय. सीझन नाही म्हणून खोली स्वस्त, पण गाव सगळं बंद. हळदीकुंकवाला बाई आणायची कुठून?

शेवटी तळ्याकाठी एक आजी दिसली. लेकीनं त्यांच्या भाषेत विचारलं, आजीनं हसत कपाळ पुढं केलं. कुंकू लावलं, तिळगूळ दिला.

दोघी थोडं बोलल्या अन् लेक माझ्याकडं वळली. "आई, नवरा वारलाय त्यांचा. आता?"

"आता काय? लावलं ते लावलं. देवाला चालतंय."

म्हणाले खरी, पण निलंग्यात माझी विधवा जाऊ दर संक्रांतीला आतल्या खोलीत बसते. लगेच तिला फोन लावला. "रथसप्तमीच्या आत येते. पहिलं कुंकू तुला."

"अक्का, लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे."

तुमच्या घरी आतल्या खोलीत कोण बसलंय?