बाईसाहेबांची पाठ

पुण्यात आज जी काही माणसं सरळ पाठीनं वावरताना दिसतात, त्यांतली निम्मी तरी आमच्या चुलतसासऱ्यांच्या धाकानं तशी वावरत असावीत, अशी माझी खात्री आहे. हे माझ्या बायकोचे थोरले काका. माणसाच्या तोंडाकडे बघून बोलणं सुरू करायची त्यांना सवयच नव्हती. ते आधी मागून एक फेरी मारत, मानेपासून कंबरेपर्यंत नजर उतरवता उतरवता हुंकार देत, आणि मग समोर येऊन निकाल सांगत. आमच्या लग्नाच्या स्वागतसमारंभात ते रांगेतून वर आले, पुष्पगुच्छ माझ्या हातात कोंबला आणि कानाशी लागून म्हणाले, "जावईबापू, तुमचा डावा खांदा पडलेला आहे. कॉम्प्युटरवर बसता ना? संसाराला चालेल, पण घोड्यावर बसू नका." घोड्यावर बसायचा विचार माझ्या सात पिढ्यांत कोणी केला नव्हता. मी हिंजवडीला नोकरी करत होतो आणि खुर्चीवरसुद्धा मला धड बसता येत नव्हतं. तरीही फोटोत मी डावा खांदा उचलून उभा आहे, आणि बायको अजून विचारते की त्या दिवशी तुला काय चावलं होतं.

त्या दिवसांत पुण्यातला प्रत्येक जण काही ना काही नवीन घेत होता. कोणी मोबाइल घेत होता, कोणी बाणेरला फ्लॅट बुक करत होता. काकांनी घोडी घेतली. ते एका कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात होते. आयुष्यभर बोर्डावर वाकून नकाशे काढले, आणि एक दिवस तेच नकाशे कॉम्प्युटर काढायला लागला तेव्हा कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती देऊ केली. बरोबरीच्या लोकांनी झेरॉक्सची दुकानं काढली, मुलांना अमेरिकेला धाडलं. काका रेसकोर्सवरून निकालात काढलेली एक तांबूस घोडी घेऊन आले. "तीही निवृत्त, मीही निवृत्त. मला निदान विचारलं तरी होतं," एवढंच त्यांचं त्यावर स्पष्टीकरण. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत घोडी मावणं शक्य नव्हतं, म्हणून बिबवेवाडीच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एका शेताच्या कडेला त्यांनी पत्र्याचा तबेला भाड्यानं घेतला आणि घोडीची निगा राखायला एक मोतद्दार ठेवला. रोज सकाळी काका घट्ट विजार, गुडघ्यापर्यंत बूट आणि डोक्यावर हेल्मेट अशा थाटात स्कूटरवरून निघत. स्कूटरवर स्वखुशीनं हेल्मेट घालणारा त्या काळातला तो पुण्यातला एकमेव माणूस, आणि तेही घोडेस्वारीचं.

माणसांशी काका तोडून बोलत. दुकानदाराला "आहे का नाही?" एवढाच प्रश्न, आणि त्याला "नाही" म्हणायला उशीर झाला तर त्याचा खांदा कुठल्या बाजूला पडलाय हे जाता जाता सांगणं. पण घोडीला ते बाईसाहेब म्हणत आणि तिच्याशी फक्त 'आपण'च्या भाषेत बोलत. "आपण जरा पाय उचलता का?" "आपलं पाणी झालं का?" काकू तो तबेला बघायला एकदाच आल्या. नाकाला पदर लावून दारात उभ्या राहिल्या, थोडा वेळ हे संभाषण ऐकलं आणि मला म्हणाल्या, "एवढ्या संसारात मला एकदा 'आपण' म्हणाले असते, तर मीसुद्धा खुशीनं चणे खाल्ले असते." काकांनी ते ऐकलं आणि लगेच काकूंच्या कंबरेवर शेरा मारला.

स्वार आणि घोडा मिळून एकच कणा असतो, मध्ये खोगीर असतं म्हणून लोकांना दोन वाटतात, हा काकांचा सिद्धान्त. त्यांची स्वतःची पाठ बोर्डावर वाकून वाकून कामातून गेलेली होती. ती ज्या दिवशी ठणके, त्या दिवशी बाईसाहेबांचं चालणंही बिघडतं असं त्यांचं म्हणणं, आणि बाईसाहेब नीट चालल्या नाहीत की काकांना घरी आल्यावर पाटावर बसवत नसे. एरवी कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण त्या उतारावरून ते तिच्यावर बसून सावकाश खाली येताना मी बघितलं आहे. घरात सदैव कावलेला तो माणूस तिथं वर बसल्यावर इतका शांत आणि इतका देखणा दिसे, की मला त्याची चक्क असूया वाटली. ऑफिसात माझ्याभोवती शेकडो माणसं होती, आणि त्यांतल्या एकाचंही कोणाशी तसं जुळलेलं नव्हतं.

पुढचं सगळं रामायण औंधच्या एका दवाखान्यातून सुरू झालं. परदेशातून कायरोप्रॅक्टिक शिकून आलेल्या एका तरुण माणसानं आयटीवाल्यांच्या पाठींसाठी तिथं दुकान थाटलं होतं. औषध नाही, सुई नाही, नुसत्या हातानं मणका दाबायचा आणि कट्‌कन आवाज काढायचा. काका तिथं वाकडे गेले आणि सरळ आले. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, की अर्धा कणा दुरुस्त झाला आहे, उरलेला अर्धा बिबवेवाडीला आहे. त्या बिचाऱ्यानं परदेशात घोड्यांवर उपचार होताना बघितले होते, केले मात्र नव्हते. काकांनी त्याला स्कूटरवर मागे बसवून नेलंच. कडब्याच्या पेंढ्यांवर उभं राहून त्यानं घोडीची पाठ चाचपली, दोन-तीन ठिकाणी अंगाचा भार टाकून दाबली. बाईसाहेबांनी मान खाली सोडली, जीभ फिरवली आणि मोठा उसासा टाकला. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता काही दिवस बसू नका," तो घाम पुसत म्हणाला. पण काका तेव्हा घोडीच्या मानेला मिठी मारून उभे होते.

दुसऱ्याच आठवड्यात कसबा पेठेतले जनावरांचे डॉक्टर नेहमीच्या तपासणीला आले. मोठा अनुभवी माणूस, आणि तोंडाचा तिखट.

"काय होतंय?"

"पाठ."

"कुणाची?"

काकांनी उसाशाची हकीकत सांगितली. डॉक्टर म्हणाले, "अहो, हत्तीएवढ्या जनावराचा मणका तळहातानं सरकायला तो काय पाट आहे? चोळलं म्हणून बरं वाटलं असेल. मलाही वाटतं, मी काही त्यावर शास्त्र काढत नाही." काका रिकिबीत पाय टाकून वर चढले की बाईसाहेब पाठ खाली घेत. त्याला काका मुजरा म्हणत आणि पाहुण्यांना मुद्दाम दाखवत. डॉक्टरांनाही त्यांनी दाखवला. डॉक्टरांनी चष्मा काढला. "हा मुजरा नाही. दुखतंय तिला. एक्स-रे काढू, खोगीर बदलू. आणि तोवर बसू नका." एवढं सांगून ते गेले. काका मात्र 'शास्त्र काढत नाही' या शब्दांवर अडकून बसले होते.

दुसरा कोणी असता तर यांतल्या एकाचं ऐकून मोकळा झाला असता. काका पुण्याचे होते. त्यांनी ठरवलं की हा तत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचा निकाल जाहीर वादातच लागला पाहिजे. निकाल लागेपर्यंत कोणत्याही पक्षावर अन्याय नको, म्हणून बाईसाहेबांच्या बाबतीत सगळं जैसे थे राहील. ना मणका दाबायचा, ना एक्स-रे काढायचा. आणि रोजची रपेट जशी होती तशी चालू. "सुनावणी चालू असताना एका बाजूचं ऐकायचं, हे न्यायाला धरून नाही," असं ते मला गंभीरपणे म्हणाले. मी म्हटलं, "काका, पण घोडीचं काय?" "त्यांच्यासाठीच तर चाललंय, जावईबापू."

सदाशिव पेठेतलं एक सभागृह ठरलं. 'स्वार, घोडा आणि मणका' असा विषय. मग आधी कोण बोलणार यावरून सभा पुढे गेली. निमंत्रणपत्रिकेत एकाच्या नावामागे 'डॉ.' आणि दुसऱ्याच्या मागे 'श्री.' छापलं गेलं म्हणून पत्रिका पुन्हा छापल्या. मग गणपती आले, मग पितृपक्ष. काका रोज सकाळी बिबवेवाडीला जात होते आणि बाईसाहेब रोज मुजरा करत होत्या. मी एकदा गेलो तेव्हा ती उतारावर मागचे पाय ओढत होती. मी सांगितलं तर काका म्हणाले, "हा मुद्दा सभेत मांडा. प्रश्नोत्तरांना वेळ ठेवला आहे."

सभा झाली, आणि सांगायला वाईट वाटतं, पण उत्तम झाली. अध्यक्षस्थानी संस्कृतचे एक निवृत्त प्राध्यापक होते, ज्यांचा घोड्याशी संबंध अश्वमेधापुरताच होता. औंधच्या तरुणानं प्लॅस्टिकचा मणका आणला होता. कसब्याच्या डॉक्टरांनी घोड्याचं खरं हाड पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं, तेव्हा पहिली रांग मागे सरकली. एकानं विचारलं, आवाज होतो तो कशाचा? दुसऱ्यानं विचारलं, आराम पडतो तो खोटा का? माझ्याच कंपनीतल्या एका मुलानं स्वतःच्या कंबरेबद्दल भाषण केलं. दोन्ही वक्ते बोलता बोलता म्हणून गेले, की जनावराला विश्रांती ही अर्थातच पहिली गोष्ट. अध्यक्षांनी घंटी वाजवली आणि म्हणाले, "ज्यावर दुमत नाही, त्यावर सभेचा वेळ घालवू नये." टाळ्या पडल्या. काकांनीही वाजवल्या. दोन्ही पक्षांत तथ्य असल्याचा निर्वाळा देऊन चहा झाला, आणि पुढची सभा घ्यायचं ठरलं.

ती घ्यावी लागली नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी मोतद्दाराचा फोन आला, "साहेब, बाईसाहेब उठंना झाल्यात. मागच्या पायांत जोरच नाय." काकांना मी गाडीतून नेलं. त्या दिवशी पहिल्यांदा ते साध्या लेंग्यावर निघाले होते. घोडी कुशीवर पडली होती, अंग घामानं काळं झालं होतं, आणि दर थोड्या वेळानं ती पुढचे पाय रोवून उठायला बघत होती. दोघांनाही बोलावणं गेलं आणि दोघंही धावत आले. डॉक्टरांनी सुईनं मागचे पाय टोचून बघितले. तिला कळलंसुद्धा नाही. तरुणानं तिच्या पाठीवर नुसता हात ठेवला आणि दाबला नाही. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही नकारार्थी मान हलवली. मला तेव्हा ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडणार कोणावर?

काका तिच्या डोक्याशी मातीत बसले होते. त्यांनी डॉक्टरांकडे वर बघितलं.

"पहिल्या दिवशी तुम्ही मला काय सांगितलं होतंत?"

"बसू नका म्हणालो होतो," डॉक्टर म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मीही तेच, सर."

काकांनी घोडीच्या कपाळावरची माती पुसली. मग अगदी हळू, जणू काही पहिल्यांदाच एखादी गोष्ट समजून घेतोय अशा आवाजात त्यांनी विचारलं, "मग वाद कशाचा होता?"

डॉक्टरांनी इंजेक्शन भरलं. तरुणानं तिचं डोकं धरायला काकांना मदत केली.

याला आता काही वर्षं झाली. त्या शेतावर सोसायटी झाली आहे. काका कोणाच्या मागे जाऊन बघत नाहीत, कोणाचा खांदा पडला आहे हे सांगत नाहीत. आमच्या घरातली सगळी माणसं पुन्हा आपापल्या परीनं वाकडी झाली आहेत, आणि मला ते अजिबात आवडत नाही. मागच्या दिवाळीत फराळाला गेलो तेव्हा विचारायचं म्हणून मी विचारलं, "काका, पाठ कशी आहे?"

"पाठ ना?" ते चिवड्याच्या बशीकडे बघत म्हणाले. "त्या दिवसापासून दुखतच नाही हो, जावईबापू. एवढीसुद्धा नाही." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काकू उठल्या, त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.