नजर हलली का?

शिलाईवाल्या मावशींच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर आता नाही. घोणस चावल्यामुळे ते गेलं, असं सगळी गल्ली सांगते. दवाखान्याच्या कागदावरही तसंच लिहिलंय. पण घोणशीकडे फक्त अर्धा दोष जातो. उरलेला अर्धा माझ्या बनियनचा.

बनियन फाटकं होतं. छातीवर दोन भोकं आणि काखेत एक खिडकी. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून मी निवृत्त झालो तेव्हापासून घरात माझा हाच गणवेश आहे. बायको म्हणते, "तुमच्या अंगावर सगळ्या खंडांचे नकाशे आहेत." एका रविवारी दुपारी चारच्या सुमाराला मी हे नकाशे घालून मागच्या अंगणात पाण्याचं पिंप भरायला गेलो. पिंपामागच्या विटांपाशी जाड दोरखंडाचं वेटोळं पडलं होतं. एवढा चांगला दोर कोणी टाकला म्हणून मी वाकलो, तर दोराने फुस्स केलं. कुकरची शिटी अडकली की येतो ना, तसा आवाज.

त्या विटा माझ्याच. फुलझाडांसाठी वाफा बांधायला आणल्या होत्या. वाफा वर्षभर माझ्या डोक्यात होता आणि विटा अंगणात.

मी मावशींना फोन लावला. आमच्या भागात साप निघाला की सगळे हेच करतात. गल्लीच्या तोंडाशी एका गॅरेजात त्यांचं शिलाईचं दुकान आहे. एका भिंतीला अस्तराची ठाणं, एका भिंतीला आरसा, आणि दाराच्या मागे खिळ्याला पडद्याच्या दांडीचा वाकवून केलेला आकडा. साप भरायच्या पिशव्याही त्या स्वतःच शिवतात, उरलेल्या कापडाच्या, दुहेरी टाक्याच्या, बाहीसारख्या लांब तोंडाच्या. एकदा एक भलामोठा नाग गुलाबी फुलाफुलांच्या पिशवीतून रवाना झाला होता. "त्याला कुठं कळतंय," मावशी म्हणाल्या, "पडद्याचं कापड उरलं होतं." कोणी त्यांना सर्पमित्र म्हटलं की त्या वैतागतात. "मैत्री कसली? तो मला ओळखतसुद्धा नाही. त्याला जायचं असतं, आपण वाट दाखवायची."

साप नेल्यावर त्या घराभोवती एक चक्कर मारतात आणि जिथे फट असेल, उंदराचं बीळ असेल, अडगळ असेल, तिथे शिलाईच्या निळ्या खडूने फुली मारतात. फुली दिसली की बुजवायचं, उचलायचं. गल्लीतल्या निम्म्या घरांवर अशा फुल्या उमटल्या आणि पुसल्या गेल्या. आमच्या विटांवरची फुली दोन महिने तशीच होती. शेजाऱ्यांकडे धामण निघाली होती, त्या वेळी मारलेली.

फोनवर मावशी म्हणाल्या, "किती लांब उभे आहात मास्तर?"

"दोन हात."

"मग आधी पाच-सहा पावलं मागे जा. काठी घेऊ नका, पाणी ओतू नका, शूरपणा करू नका. फक्त बघत राहा. आलेच."

हे बघत राहणं म्हणजे मावशींच्या कामाचा पाया. फोन करणाऱ्याने उभं राहायचं, लांबून, पण सापावरची नजर काढायची नाही. मावशी फाटकातूनच तीन प्रश्न विचारतात. कुठं आहे? तोंड कुठल्या बाजूला? मध्ये नजर हलली का? हलली म्हटलं तर त्या गमबूट चढवतात आणि उंबऱ्यापासून एकेक वस्तू काठीने हलवत जातात. त्यात अर्धा तास जातो, पण त्या चिडत नाहीत. माणूस आहे, पापणी लवतेच, म्हणतात. नजर हलली नाही म्हटलं तर सरळ सांगितलेल्या जागी जातात. पहाऱ्यावरच्या माणसाचा शब्द त्या आपल्या डोळ्यांसारखा धरतात.

मी बघत राहिलो. आतून बायको पलंगावर उभी राहून विचारत होती, "आहे का? काय करतोय?" मी म्हणत होतो, "काही नाही. बसलाय." "आणि तुम्ही?" "मीही." अशी सात मिनिटं गेली. मग कोपऱ्यावर काकांच्या स्कूटरचा भोंगा वाजला. काका म्हणजे मावशींचे यजमान. सापाला इतके घाबरतात की फाटकाच्या आत पाऊल टाकत नाहीत. "ती साप धरते, मी स्कूटर धरतो," असं अभिमानाने सांगतात.

भोंगा ऐकला आणि माझं लक्ष स्वतःकडे गेलं. ज्या बाईचा जन्म कापड बघण्यात गेला, तिच्यासमोर मी या अवतारात उभा राहणार? एक मिनिट, फार तर दीड. आत धावलो, खुंटीवरचा शर्ट अडकवला, बाहेर आलो. पिंप जागेवर होतं, विटा जागेवर होत्या. दोरखंड दिसत नव्हता. पिंपामागे सरकला असेल, जाणार कुठं, असं मी स्वतःला समजावलं.

"कुठं आहे?" मावशींनी फाटकातून विचारलं.

"पिंपामागे."

"तोंड?"

"भिंतीकडे."

"नजर हलली का?"

हलली, असं सांगितलं असतं तर का हलली हा प्रश्न आला असता. आणि तीस वर्षं मुलांना 'खोटं बोलू नकोस' म्हणून दरडावणारा मी म्हणालो, "छे! पापणीसुद्धा लवली नाही."

मावशी सरळ पिंपाकडे गेल्या. हातातली पिशवी पसरण्यासाठी त्यांनी विटांशेजारचं जुनं पोतं बाजूला करायला हात घातला. घोणस पोत्याखाली होती.

त्या ओरडल्या नाहीत. मागे सरल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "घोणस आहे. कोणी जवळ जाऊ नका. मास्तर, तुमची गाडी काढा."

मी खिशातला रुमाल काढून त्यांच्या मनगटाला आवळून बांधायला लागलो.

"सोडा तो! बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. हात हलवायचा नाही आणि दवाखाना गाठायचा. एवढं तर तुम्हाला दहादा सांगितलंय."

बोटातली अंगठी त्यांनी सूज येण्याआधीच काढून काकांकडे दिली. काका तेव्हा फाटकाच्या आत होते. तीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी स्कूटरच्या डिकीतली लाकडी पट्टी काढली आणि सैलसर कापडाने हात तिच्यावर बांधला. मी गाडी दोनदा बंद पाडली, पण सतरा मिनिटांत पोचवली. वाटेत मावशी एवढंच म्हणाल्या, "मीच गाफील. आधी काठीने बघायला हवं होतं."

मी आरशातून काकांकडे पाहिलं आणि गियर बदलला.

सापावरचं औषध वेळेत मिळालं. जीव वाचला. बोट काळं पडलं होतं, पंधरा दिवसांनी त्याचं पेर काढावं लागलं. आणि माझा सत्कार झाला. खरंच झाला. गल्लीच्या सभेत सेक्रेटरींनी माझ्या प्रसंगावधानाचा उल्लेख केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "मी काहीच केलं नाही." माझ्या विनयालाही टाळ्या पडल्या. त्या दिवशी मी विटा उचलल्या. अंधार पडेपर्यंत एकेक करून, कोणाची मदत न घेता. तेवढ्याने काय होणार होतं?

महिन्याभरात मावशी पुन्हा मशीनवर बसल्या. मी पँट घेऊन गेलो. ठरवून गेलो होतो की आज सांगायचं. पण त्या अर्ध्या बोटाने कापडाची कड धरायला बघत होत्या, कड निसटत होती, पुन्हा धरत होत्या. माझ्या तोंडून निघालं, "जरा उंची कमी करायची होती." दुसऱ्या आठवड्यात तीच पँट घेऊन गेलो. उंची अजून थोडी कमी. तिसऱ्या आठवड्यात बायको म्हणाली, "पूर येणार आहे का?" मी दुसरी पँट काढली. अशा चार पँटा झाल्या. आखूड पँटांमध्ये मी गल्लीतून हिंडतो आणि लोकांना वाटतं, मास्तरांनी नवीन काही सुरू केलंय.

मावशींच्या हातचं काज म्हणजे बघत राहावं असं. कोटाचं काज शिवून घ्यायला लोक लांबून येत. आता त्या कोट घेत नाहीत. काजांचं काम बाजारातल्या दुसऱ्या शिंप्याकडे पाठवतात. एकदा एक बाई बाही उलटसुलट करून म्हणाली, "हे काज तुमचं नाही ना?" मावशी म्हणाल्या, "नाही." मी आरशासमोर उभा होतो, पँटेचा पट्टा तीनतीनदा बांधत.

सहा महिन्यांनी मी पाचवी पँट घेऊन गेलो. दाराच्या मागचा खिळा रिकामा होता. आकडा, गमबूट, सगळ्या पिशव्या एका चादरीत बांधून कोपऱ्यात ठेवल्या होत्या.

"हे काय?"

"देऊन टाकतेय. पलीकडच्या वस्तीतला तो वायरमन आहे ना, साप धरतो, तुमच्याकडची घोणस त्यानेच नेली, त्याला." मावशींनी पँट उलटी करून शिवण बघितली. "सोडलं मी."

"बोटामुळे?"

"बोटाचं काय, नऊ शिल्लक आहेत. डोळ्यांमुळे." त्या मशीनवर बसून एक अर्धवट राहिलेला परकर शिवायला लागल्या. "तुमच्यासारखा माणूस डोळे न हलवता उभा होता. साप तिथेच होता. म्हणजे माझ्या देखत तो पोत्याखाली सरकला आणि मला दिसला नाही. पाच पावलांवरून. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. ज्याला साप दिसत नाही, त्याने लोकांच्या घरी जाऊन विश्वासाने आत शिरू नये. उद्या कुणाचं लहान मूल शेजारी उभं असेल, तर?"

काका दाराशी बसून पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "चष्म्याचा नंबरही काढून आणला. काही नाही निघालं. तरी ऐकत नाही."

"यंत्राला काय कळतं," मावशी म्हणाल्या.

माझ्या हातात पाचव्या पँटेची रिकामी पिशवी होती. पाय दाराकडे वळत होते, हे मला दिसत होतं. अजून एक पँट, अजून एक आठवडा.

"मावशी, नजर हलली होती."

मशीन थांबलं.

"मी आत गेलो होतो. शर्ट घालायला. बनियन फाटकं होतं. तुम्ही बघाल म्हणून... दीड मिनिट. परत आलो तेव्हा साप दिसत नव्हता. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

काकांचा पेपर खाली आला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की तीस वर्षांपूर्वी वर्गात कुणी पाहिलं असतं तर मी त्याला बाहेर काढलं असतं. आज बाहेर निघायची पाळी माझी होती.

"गाडीत सांगणार होतो," मी म्हणालो. "मग दवाखान्यात. मग सभेत. मग प्रत्येक पँटेच्या वेळी..."

मावशींनी चाकावर हात ठेवला, राहिलेली शिवण शेवटपर्यंत मारली, दोरा कात्रीने तोडला. कात्री आता त्या मधल्या बोटात धरतात. मग उठल्या, चादरीची गाठ सोडली. आकडा काढला, टोक अंगठ्याने चाचपलं, आणि नेऊन खिळ्याला अडकवला. गमबूट दाराच्या मागे ठेवले, एकाशेजारी एक. पिशव्या झटकून घडी घातल्या. काका उठून मदत करायला लागले तर त्यांना हातानेच बसवलं.

"मावशी, काहीतरी बोला," मी म्हणालो.

त्यांनी माझी पँट झटकली, कमरेवर निळ्या खडूने खूण केली आणि म्हणाल्या, "पँट मंगळवारी न्या, पण तुमच्याकडे पुन्हा साप निघाला तर दुसऱ्या कुणाला तरी बोलवा."