आधी पाणी पी

ज्ञानदेव साळवे मार्केट यार्डात कांद्याची पोती उचलायचा. दर रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर डुलक्या काढणारा हा माणूस. कुणाला उपदेश करणं त्याला जन्मात जमलं नाही. पण बाहेरगावची गाडी लागली की हा कमरेची बाटली सोडून ड्रायव्हरपुढे धरणार आणि म्हणणार, "आधी पाणी पी." बाकीचे हमाल त्याला ‘फादर’ म्हणून चिडवायचे.

त्या सकाळी रिव्हर्स घेणाऱ्या एका टेम्पोचं चाक त्याच्या उजव्या पायावरून गेलं.

तो कोसळला. चप्पल फाटली होती, आत बघवत नव्हतं. हमालाचा पाय गेला म्हणजे घरची चूलच विझली. तोवर मुकादम हिंमतरावांनी ड्रायव्हरला खाली खेचलं होतं. दिगंबर नावाचा वाशिमकडचा माणूस, हात जोडून म्हणत होता, "काका, दिसलंच नाही जी!" पहिल्यांदा थोबाडीत बसली, मग लाथा. कुणीतरी पोती ओढायचा लोखंडी आकडा उचलला.

खरं सांगायचं तर लाथा बसताना ज्ञानदेवला बरंच वाटलं होतं. संतबिंत नव्हताच तो. पण आकडा वर गेलेला पाहिला आणि आता हा मरणार, हे त्याला कळलं.

"सोडा त्याला!" तो ओरडला. कुणी ऐकेना. दोघा हमालांनी त्याला रिक्षात घालायला उचललं, तसा त्याने टेम्पोचा फाळका दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"मी रिक्षात बसत न्हाय. ह्याच गाडीतनं जाणार, आन् ह्योच चालवणार."

"फादर, येड लागलंय का? पाय जाईल!" हिंमतराव खेकसले.

"मग लवकर सोडा की त्याला."

रक्त वाहत होतं. हमाल त्याची बोटं सोडवत होते, तो पुन्हा धरत होता. तोंड पांढरं पडलं तरी पकड ढिली होईना. शेवटी हिंमतरावांनीच तो आकडा हिसकावून लांब भिरकावला. "घेऊन जा बाबा," ते दिगंबरला म्हणाले.

केबिनमध्ये दिगंबरला किल्लीच लावता येईना. ज्ञानदेवच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. प्रभू, पाय राहू दे, एवढंच तो मनात म्हणत होता. त्याने चाचपडत बाटली सोडली.

"आधी पाणी पी. आन् आता गाडी फुडं घे, मागं नगं."

पाय राहिला, दोन बोटं गेली. थोडं लवकर आणलं असतं तर तीही वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले.

दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर दिगंबर बसून होता. ज्ञानदेवला बाहेर आणताच तो धडपडत उठला. "काका, काय म्हणाले डॉक्टर?"

"चालता येईल म्हणाले," ज्ञानदेवने सांगितलं.