घोंगडी आणि रानडुक्कर

त्या वर्षी बोरीच्या शिवारात आमच्या हरभऱ्यावर रानडुकरं तुटून पडली होती. नवरा आणि थोरले दीर ऊसतोडीला गेलेले. म्हणून पौषात मी आणि माझ्या थोरल्या जावेनं रानातच मुक्काम ठोकला. चार मेढी रोवल्या, वर ताडपत्री टाकली, पुढं शेकोटी पेटवली. पांघरायला दोन गोधड्या आणि सासऱ्यांची काळी घोंगडी. गोधडी दहिवरानं भिजली की गारढोण व्हायची. घोंगडीवर मात्र दहिवर वरच्यावर राहायचं. तिची खोळ करून डोक्यावरून घेतली की चुलीपाशी बसल्यासारखी ऊब लागायची.

घोंगडी एक, बाया दोन. आम्ही पाळी लावली होती. चौथ्या दिवशी सांजच्याला पाळी माझी, पण जाऊ घोंगडी आधीच पांघरून बसलेली.

"अक्का, आज माझी पाळी हाय."

"मला हिव भरलंय. तू तरणी हायस, पड की गोधडीत."

मी घोंगडी ओढली. तिनं माझ्या थोबाडीत मारली. मी तिचा अंबाडा धरून तिला ढेकळांत पाडलं. तिनं माझ्या मनगटाला असा चावा घेतला की रक्तच आलं. पंधरा वर्षं एका चुलीवर रांधलेल्या बाया आम्ही, कुत्र्यांसारख्या भांडलो. घोंगडी तिच्याकडंच राहिली. मी कुडकुडत, तिला मनातल्या मनात तळतळाट देत पडले.

फटफटायला ती उठून बांधाकडं गेली. खोळ डोक्यावरच होती, पुढून पोटाशी आवळलेली. हरभऱ्यात काहीतरी घुरघुरलं आणि तिची किंकाळी आली. मी कुऱ्हाड घेऊन पळाले. डुकरानं तिला आडवं पाडलं होतं आणि ते तिच्या पोटावर सुळे हाणत होतं. जाड लोकरीत सुळे अडकत होते, म्हणून पोट वाचलं. मांडी मात्र फाटली होती.

माझा पहिला घाव त्याच्या पाठीवर बसला. ते माझ्याकडं वळलं. दुसरा डोक्यात घातला, तसं ते पुढच्या गुडघ्यांवर आलं. मी हाणतच राहिले. रक्त तोंडावर उडालं, ते गरम होतं.

"बास कर गं, मेलंय ते!" जाऊ ओरडली.

तरी मी आणखी चार घाव घातले. खरं सांगायचं तर ते डुकरासाठी नव्हते, आदल्या सांजच्या भांडणाचे होते.

मग तिच्याकडं बघितलं आणि कुऱ्हाड टाकली. पदर फाडून मांडी आवळली, घोंगडीत तिला गुंडाळलं आणि शेजारच्या रानातल्या माणसाला हाका मारल्या. त्यानं ट्रॅक्टरमधून जिंतूरच्या दवाखान्यात नेलं. टाके पडले. दोन महिन्यांनी ती चालायला लागली, जरा लंगडत.

आता कुणी पाहुणं आलं की ती सांगते, "माझ्यासाठी हिनं डुकराचा चेंदामेंदा केला बघा. सख्खी बहीणसुद्धा करणार न्हाई एवढं."

मी चहा ठेवायला आत जाते.