परग्रहावरची मैत्रीण आणि सव्वानऊची बस

तिसरीत असताना मधल्या सुट्टीत ती मला म्हणाली, "मी इथची नाई. दुसऱ्या ग्रहावरून आली. चौदा वर्षांची झाली का मले शक्ती येते. मंग मी साऱ्यायले वाचवीन."

"मंग खिचडी काऊन खाते?"

"इथं राहाचं त खा लागते."

मला पटलं. तेव्हापासून आम्ही एका बाकावर.

आठवीसाठी बसने बाहेरगावी जावं लागे, आणि सव्वानऊची बस आमच्या फाट्यावर थांबत नसे. थांब्याची पाटी होती, आम्ही चौघी पोरी होतो, पण ड्रायव्हर हाताने 'मागून दुसरी येते' अशी खूण करून निघून जायचा. मागे फक्त धूळ यायची. मी वहीच्या पानावर निवेदन लिहिलं. वर 'विषय', खाली चौघींच्या सह्या. आयुष्यातलं पहिलं. आणि ते द्यायचं कोणाला? बस थांबली तर देणार ना!

शेवटी तिच्या बाबांनी सांगून टाकलं, "शनिवारपर्यंत पाहतो. गाडी नाई थांबली त शाळा बंद. कापूस वेचणीले चाल." माणूस वाईट नव्हता. रोज उन्हात उभी राहून वापस येणारी लेक त्यांना बघवत नव्हती. पण गाडी थांबत नाही, याची शिक्षा पोरीला काऊन? तेव्हाही राग आला होता, आजही येतो.

त्याच शनिवारी शाळेत गॅदरिंग होतं. वेशभूषेत ती स्वतःच होणार होती, म्हणजे परग्रहावरची. डोक्यावर दादाचं हेल्मेट, डोळ्यांवर जाम गावच्या चौकातून आणलेला काळा चष्मा, पाठीवर आईची चंदेरी ओढणी. आणि चिलखत म्हणून कपाशीत किडे धरायला लावतात ते पिवळे चिकट सापळे, पुढूनमागून पिनांनी टाचलेले. वरचा कागद सोलला की ते जास्त चमकतात, म्हणून हिने सगळे कागद सोलले! फाट्यावर पोचेस्तोवर अर्ध्या शिवारातली चिलटं तिच्या पोटावर.

"शक्ती आली का वं?"

"येऊन राह्यली. खांद्यात टोचून राह्यलं."

"ते पिन हाय, बयताडे."

लांबून बस दिसली. ड्रायव्हरने खुणेसाठी हात बाहेर काढला, आणि ही सरळ रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात वर. मी किंचाळले. ब्रेक असे लागले की आत कोणाच्या तरी पिशवीतली भांडी वाजली.

"मले वाटलं चेकिंगवाले!" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

कंडक्टर तणतणत उतरला आणि तिला बाजूला सारायला त्याने खांद्याला हात लावला. हात तिथेच राहिला.

"सोड वं पोट्टे!"

"मी कुठं धरलं काका? तुमीच धरलं."

बसमधली माणसं खिडक्यांना लटकून हसत होती. एक आजी म्हणाली, "जाऊ दे ना वो, घेऊन घे पोरीयले." त्याने कसाबसा हात सोडवला, तेवढ्यात मी त्यात निवेदन ठेवलं. कागद तळव्याला असा बसला की झटकला तरी पडेना. वाचण्याशिवाय त्याला इलाज नव्हता. आम्ही चौघी आत चढलो. हिला कोणी शेजारी बसू देईना, ही दारात उभी. हसून हसून माझं पोट दुखत होतं.

मला मात्र धाकधूक सोमवारची होती. एकदा थांबली म्हणजे रोज थांबेल असं थोडंच असतं? तिचे बाबा स्वतः फाट्यावर आले, सायकल धरून उभे. ती साध्या गणवेशात. बस आली. वेग कमी झाला. थांबली.

"ते चिकट आज नाई ना?" कंडक्टरने दारातूनच विचारलं.

"नाई काका."

"मंग चढा लवकर."

आम्ही चढलो. बस निघाली, बरीच पुढे गेली, आणि मागून आरडाओरडा ऐकू आला. वळून पाहते तर सायकल रस्त्यात आडवी टाकून बाबा धावत होते, हातात तिचा डबा.

"अहो थांबवा! पोरीचा डबा राह्यला!"

आणि बस दुसऱ्यांदा थांबली.